‘मेडिकल’चा इतिहास: गोवा, पुणे, मुंबई, दोहा

आखातात नोकरीसाठी आलेल्या माणसाला ‘मेडिकल झालं का?’ या प्रश्नाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. कतारमध्ये राहण्याचा परवाना हातात पडण्याआधी रक्त द्यावं लागतं, छातीचा एक्स-रे काढावा लागतो, बोटांचे ठसे द्यावे लागतात. पूर्वी हे सगळं दोह्यात उतरल्यावर व्हायचं. आता भारतातून येणाऱ्या कामगारांची तपासणी बहुधा निघण्याआधीच, मुंबईसारख्या शहरांतल्या कतार व्हिसा सेंटरमध्ये होते. रक्ताच्या त्या नळीत जे शोधतात त्यात एचआयव्हीही असतो. तो सापडला तर परवाना मिळत नाही. इथे आल्यावर सापडला तर परत जावं लागतं. इथल्या नागरिकाला एचआयव्ही झाला तर त्याच्यावर सरकारी रुग्णालयात उपचार होतात. परदेशी माणसाच्या बाबतीत मात्र ती नळी दाराचं काम करते.

मी दोह्यात जीवशास्त्रात पोस्टडॉक करतो. नावाआधी ‘डॉ.’ लागलेलं असल्यामुळे ओळखीचे लोक औषधांपासून एक्स-रेपर्यंत सगळं मला विचारतात. मी तसला डॉक्टर नाही, हे सांगून काही उपयोग होत नाही. एचआयव्हीबद्दल येणारे प्रश्न दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकार: डास चावून होतो का, एका खोलीत आठजण राहतो त्याने होतो का, न्हाव्याच्या वस्तऱ्याने होतो का? दुसरा प्रश्न जास्त अवघड असतो: ‘आता गोळ्या निघाल्या आहेत म्हणतात, मग परत का पाठवतात?’

पहिल्या प्रश्नाचं उत्तर जीवशास्त्रात आहे. दुसऱ्याचं उत्तर इतिहासात शोधावं लागतं, आणि त्यातला बराचसा इतिहास आपल्याच मुलखात घडलेला आहे. गोव्यातलं एक सॅनेटोरियम, पुण्यातली गुप्तरोगांची काही क्लिनिक्स, मुंबईचं उच्च न्यायालय आणि मुंबईचीच एक औषध कंपनी. या चार ठिकाणी जे घडलं ते ओळीने मांडलं, तर ही चाचणी दारावर कशी आली आणि तिथे थांबण्याची तिची कारणं एकेक करून कशी संपत गेली, ते दिसतं.

विषाणू काय करतो

आधी विषाणूबद्दल थोडं. एचआयव्हीचा पूर्वज मध्य आफ्रिकेतल्या चिंपांझींमध्ये होता. कॅमेरूनच्या आग्नेय भागातून तो माणसात आला आणि १९२०च्या सुमारास आजच्या किन्शासा शहरात माणसामाणसांत पसरू लागला, असं विषाणूंच्या जनुकांच्या तुलनेवरून दिसतं. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांच्या विचित्र न्यूमोनियाची नोंद छापली आणि जगाला या आजाराची चाहूल लागली. १९८३मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये फ्रान्स्वाझ बारे-सिनूसी आणि ल्यूक मोंतान्ये यांच्या गटाने विषाणू वेगळा केला. १९८५मध्ये रक्ताची चाचणी बाजारात आली. भारतात १९८६मध्ये चेन्नईला डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी पहिले संसर्ग शोधून काढले.

हा विषाणू रक्तातल्या सीडी४ नावाच्या पांढऱ्या पेशींना चिकटतो. या पेशी म्हणजे प्रतिकारशक्तीच्या मुकादम. कोणावर हल्ला करायचा ते त्या बाकीच्या पेशींना सांगतात. विषाणू आपल्या आरएनएची डीएनएत नक्कल करतो आणि ती पेशीच्या स्वतःच्या डीएनएत शिवून टाकतो. काही पेशी लगेच नवे विषाणू तयार करू लागतात. काही मात्र ती शिवण पोटात ठेवून वर्षानुवर्षं झोपून राहतात. औषधांनी विषाणूची वाढ पूर्ण थांबते, तरी आजार मुळापासून जात नाही तो या झोपलेल्या पेशींमुळे. गोळ्या थांबवल्या की त्या जाग्या होतात.

संसर्गानंतर दोन ते चार आठवड्यांत अनेकांना ताप येतो, घसा दुखतो, अंगावर पुरळ उठतं आणि सगळं आपोआप बरंही होतं. त्यानंतर साधारण आठ-दहा वर्षं माणूस धडधाकट दिसतो, काम करतो, ओझी उचलतो. आत मात्र सीडी४ पेशी कमी होत असतात. निरोगी माणसात त्या रक्ताच्या दर घन मिलिमीटरमध्ये ५०० ते १५०० असतात. त्या २०० च्या खाली गेल्या, किंवा दुबळ्या प्रतिकारशक्तीचा फायदा घेणारे ठरावीक आजार जडले, की त्या अवस्थेला एड्स म्हणतात. भारतात अशा आजारांत क्षय सगळ्यात पुढे आहे. म्हणजे एचआयव्ही आणि एड्स एकच नाहीत, आणि आज उपचार घेणाऱ्या माणसाला एड्सपर्यंत पोचायचं कारण नाही.

आणि पसरतो कसा? रक्त, वीर्य, योनिस्राव, आईचं दूध यांतून. असुरक्षित शरीरसंबंध, दूषित सुई, दूषित रक्त आणि आईकडून बाळाला, या वाटांनी. थुंकी, घाम, एकच ताट, एकच संडास, एकच खोली यांतून नाही. डासाच्या पोटात हा विषाणू वाढत नाही, तिथे तो पचून जातो. न्हाव्याकडे पातं दरवेळी नवं असावं हे खरं, पण एचआयव्ही पसरण्याच्या मुख्य वाटांत वस्तरा येत नाही. खोलीतल्या आठजणांना एकमेकांपासून क्षय होऊ शकतो. एचआयव्ही होत नाही.

गोवा, १९८९

हे सगळं १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धातच बरंचसं कळलं होतं. पण तेव्हा औषध जवळजवळ नव्हतं. एझेडटी हे पहिलं औषध १९८७मध्ये आलं, ते महाग होतं आणि एकट्याने फार काळ टिकत नव्हतं. सरकारांच्या हातात होती ती फक्त चाचणी. त्यामुळे चाचणीचा उपयोग माणसं वेगळी काढण्यासाठी झाला. अमेरिकेने १९८७मध्ये एचआयव्हीबाधित परदेशी माणसांना दार बंद केलं. यात भारत मागे नव्हता. आपल्याकडे शिकायला आलेल्या परदेशी विद्यार्थ्यांची, विशेषतः आफ्रिकी विद्यार्थ्यांची, सक्तीने चाचणी झाली आणि बाधितांना परत पाठवण्यात आलं. आज आखातातल्या नियमावर बोलताना हे विसरून चालणार नाही.

घरातल्या माणसांनाही सोडलं नाही. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात एचआयव्हीबाधितांच्या सक्तीच्या विलगीकरणाचं कलम घालण्यात आलं. त्याचा फटका बसला डॉमिनिक डिसूझा या तरुणाला. तो वन्यजीव संरक्षणाच्या एका संस्थेत नोकरीला होता आणि नेमाने रक्तदान करायचा. त्या रक्तदानातूनच त्याचा संसर्ग उघड झाला. फेब्रुवारी १९८९मध्ये पोलिसांनी त्याला ताब्यात घेतलं. का, ते त्याला नीट सांगितलंही गेलं नव्हतं. म्हापशातल्या बंद पडलेल्या क्षयरोग सॅनेटोरियममध्ये त्याला पहाऱ्यात ठेवलं. हवेतून पसरणाऱ्या रोगासाठी बांधलेल्या इमारतीत, हवेतून न पसरणाऱ्या विषाणूसाठी, एक माणूस ६४ दिवस एकटा कोंडला गेला.

त्याची आई, लुसी डिसूझा, उच्च न्यायालयात गेली. वकील होते आनंद ग्रोव्हर. डॉमिनिकची सुटका झाली, पण निकालात न्यायालयाने कायदा उचलून धरला: समाजाच्या हितासाठी एका माणसाच्या स्वातंत्र्यावर बंधन आलं तर ते चालेल, असा त्याचा सूर होता. दरम्यान कायद्यातली सक्ती मात्र निघाली आणि विलगीकरण करायचं की नाही, ते अधिकाऱ्यांच्या निर्णयावर सोपवलं गेलं. डॉमिनिकने पुढे ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली आणि मे १९९२मध्ये तो गेला. २००५चा ‘माय ब्रदर... निखिल’ हा चित्रपट त्याच्या आयुष्यावरून सुचलेला आहे.

या प्रकरणातली एक गोष्ट अजून बोचते. डॉमिनिक सापडला कारण तो रक्तदान करत होता. ज्याने कधी रक्त दिलं नाही, कधी तपासणी केली नाही, तो मोकळा राहिला. चाचणीचं फळ कोठडी असेल तर शहाणा माणूस चाचणी टाळणार. सक्तीतला हा दोष पुढे सगळीकडे दिसत राहिला.

पुणे: धोका नेमका कुठे होता

१९९२मध्ये पुण्याजवळ भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, म्हणजे ‘नारी’, सुरू झाली. तिथल्या संशोधकांनी शहरातल्या गुप्तरोगांच्या क्लिनिकमध्ये येणाऱ्या रुग्णांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. करोनाकाळात टीव्हीवर रोज दिसणारे डॉ. रमण गंगाखेडकर तेव्हा या कामात होते. १९९७मध्ये त्यांचा आणि सहकाऱ्यांचा एक लेख ‘जामा’ या अमेरिकी नियतकालिकात आला. या क्लिनिकमध्ये आलेल्या ९१६ स्त्रियांपैकी ३९१ देहविक्रय न करणाऱ्या होत्या, बहुतेक विवाहित. त्यांच्यातल्या १३.६ टक्के स्त्रिया एचआयव्हीबाधित निघाल्या. त्यातल्या बहुतेकींचा संबंध आला होता तो फक्त नवऱ्याशी.

तोपर्यंत एचआयव्ही म्हटलं की बोट कामाठीपुरा किंवा बुधवार पेठेकडे जायचं. या आकड्यांनी ते बोट घराकडे वळवलं. गळ्यात मंगळसूत्र असलेली, एकाच पुरुषाशी संसार करणारी बाई कुठल्याच ‘जोखमीच्या गटा’त बसत नव्हती. तिला तपासायला कुणी सांगत नव्हतं, आणि नवऱ्याला कंडोम वापर म्हणायची तिची हिंमत नव्हती.

त्याच वर्षी पुण्यातूनच दुसरी माहिती आली. नेहमीची चाचणी विषाणूला शोधत नाही, शरीराने त्याच्याविरुद्ध तयार केलेल्या अँटिबॉडी शोधते, आणि त्या तयार व्हायला काही आठवडे लागतात. या क्लिनिकमधल्या, चाचणी निगेटिव्ह आलेल्या हजारो रुग्णांचं रक्त पुन्हा तपासलं तेव्हा काही डझन जणांमध्ये विषाणूचं पी-२४ हे प्रथिन सापडलं. म्हणजे त्यांना नुकताच संसर्ग झाला होता. रक्तात विषाणू सगळ्यात जास्त असतो तो याच दिवसांत, आणि जुन्या चाचणीला तो याच दिवसांत दिसत नसे. आजच्या चाचण्या पी-२४ही शोधतात, तरी सुरुवातीचे दोन-तीन आठवडे, कधी ४५ दिवसांपर्यंत, संसर्ग निसटू शकतो.

दारावरच्या तपासणीला या दोन्ही गोष्टी लागू पडतात. निगेटिव्ह अहवाल हा काही आठवड्यांपूर्वीच्या शरीराचा अहवाल असतो. पुढच्या पाच वर्षांत काय होईल, याबद्दल तो काही सांगत नाही.

मुंबई: न्यायालय आणि कंपनी

त्याच १९९७ सालात मुंबई उच्च न्यायालयात एक वेगळा निकाल लागला. एका सार्वजनिक उपक्रमात हंगामी मजूर असलेल्या माणसाला कायम करण्याआधीच्या तपासणीत एचआयव्ही निघाला आणि त्याचं काम गेलं. त्याचं नाव उघड होऊ नये म्हणून न्यायालयाने त्याला ‘एमएक्स’ आणि उपक्रमाला ‘झेडवाय’ म्हणू दिलं. न्यायालयाने प्रश्न साधा केला: हा माणूस हे काम करू शकतो का? आणि त्याच्या तिथे असण्याने इतरांना मोठा धोका आहे का? पहिल्याचं उत्तर हो आणि दुसऱ्याचं नाही असेल, तर केवळ एचआयव्हीमुळे त्याला कामावरून काढता येणार नाही. गोव्याच्या निकालानंतर आठ वर्षांत त्याच उच्च न्यायालयाची दिशा पालटली होती. उच्च न्यायालयापर्यंत गेलेला हा माणूस हंगामी मजूर होता, हेही ध्यानात ठेवण्यासारखं आहे. आखातात येणारे आपले बहुतेक लोक त्याच वर्गातले.

पण निकालाने नोकरी टिकते, जीव टिकत नाही. १९९६मध्ये तीन औषधं एकत्र देण्याचा उपचार सिद्ध झाला आणि श्रीमंत देशांतले मृत्यू झपाट्याने घटले. मात्र त्याचा खर्च वर्षाला दहा-पंधरा हजार डॉलर होता. भारताच्या १९७०च्या पेटंट कायद्यात औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नसे, फक्त तयार करण्याच्या पद्धतीवर मिळे. त्याचा आधार घेऊन मुंबईच्या सिप्ला कंपनीने ही औषधं स्वतःच्या पद्धतीने बनवली. फेब्रुवारी २००१मध्ये डॉ. युसुफ हमीद यांनी सीमापार डॉक्टरांच्या संघटनेला वर्षाला ३५० डॉलरला, म्हणजे दिवसाला एक डॉलरपेक्षा कमी किमतीत, ती देऊ केली. आफ्रिकेतले लाखो लोक पुढे भारतीय गोळ्यांवर जगले. १ एप्रिल २००४पासून भारत सरकारने मोफत उपचार सुरू केले, आणि पहिल्या केंद्रांमध्ये मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं.

पुन्हा पुणे, २०११

आता शेवटचं कारण उरलं होतं: ‘गोळ्या घेऊन तो जगेल, पण दुसऱ्याला देईलच ना?’ हे तपासण्यासाठी नऊ देशांत १,७६३ जोडप्यांवर एक मोठा प्रयोग झाला. जोडप्यातला एक बाधित, दुसरा नाही. त्यातली काही जोडपी पुण्याची होती, ‘नारी’च्या केंद्रातली. काहींना उपचार लगेच सुरू केले, काहींना तेव्हाच्या नियमाप्रमाणे सीडी४ घटल्यावर. २०११मध्ये निष्कर्ष आला: लवकर उपचारांनी जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी कमी झाला. पुढे युरोपातल्या जोडप्यांच्या अभ्यासांत, रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका दबलेला असताना, कंडोमशिवायच्या हजारो संबंधांनंतरही बाधित जोडीदाराकडून झालेला एकही संसर्ग सापडला नाही.

आज विज्ञानाचं म्हणणं स्पष्ट आहे: रोज गोळी घेणाऱ्या आणि विषाणू दबलेल्या माणसाकडून शरीरसंबंधातून एचआयव्ही पसरत नाही. ज्याला आपल्याला संसर्ग आहे हेच माहीत नाही, त्याच्याकडून पसरतो. २०१७पासून भारतात सीडी४ कितीही असल्या तरी निदान होताच उपचार मिळतात. त्याच वर्षी संसदेने केलेला एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ला लागू झाला. संमतीशिवाय चाचणी नाही, नोकरीची अट म्हणून चाचणी नाही, अहवाल गुप्त, असं तो सांगतो.

दार अजून तिथेच

अमेरिकेने आपली बंदी ४ जानेवारी २०१०ला उठवली. त्याआधी ग्रीन कार्डासाठी रक्त दिलेल्या वाचकांना तो रकाना आठवत असेल. त्या बंदीपायी १९९२ची जागतिक एड्स परिषद बोस्टनहून ॲम्स्टरडॅमला हलवावी लागली होती. ती अमेरिकेत परतली २०१२मध्ये. चीननेही २०१०मध्ये बंदी काढली. यूएनएड्स आणि जागतिक स्थलांतर संघटना यांनी २००४मध्येच सांगितलं होतं की अशा निर्बंधांना सार्वजनिक आरोग्याचा आधार नाही. आखाती देशांचा नियम मात्र बदललेला नाही.

बाजू मांडायची तर तीही मांडू. कतारच्या लोकसंख्येत परदेशी लोकच बहुसंख्य आहेत आणि सरकारला आरोग्यखर्चाची चिंता असणं स्वाभाविक आहे. कुणाला येऊ द्यायचं हे ठरवण्याचा हक्क प्रत्येक देशाला आहे. पण हा नियम केला गेला त्या काळात औषध नव्हतं, आणि बाधित माणूस म्हणजे मरणारा आणि मारणारा, असं समजलं जात होतं. या दोन्ही गोष्टी आता खऱ्या नाहीत. खर्चाचा हिशोबही सिप्लाच्या गोळीने बदलला आहे.

नियमाची किंमत मात्र आजही द्यावी लागते. पॉझिटिव्ह निघालं की नोकरी जाणार हे ठाऊक असलेला माणूस शंका आली तरी स्वतःहून तपासणीला जात नाही. एजंटाचं कर्ज अंगावर असताना तर नाहीच. बाकीचे समजतात की इथे जो आहे तो तपासूनच आलेला आहे, म्हणजे निर्धास्त. २०१०नंतर जगभर नवे संसर्ग घटत असताना मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिकेच्या एकूण प्रदेशात ते वाढले आहेत. हा प्रदेश मोठा आहे आणि कारणंही अनेक आहेत, पण लोकांनी चाचणीपासून दूर राहणं हे त्यातलं एक आहे. दोन वर्षांनी सुट्टीवर घरी जाणाऱ्या माणसाने न केलेल्या चाचणीची किंमत बायको देते. पुण्याच्या त्या ३९१ स्त्रियांच्या अभ्यासाने हे कधीच दाखवून दिलं आहे.

इथला नियम आपल्या हातात नाही. काही गोष्टी मात्र आहेत. ‘मेडिकल’मध्ये नापास होऊन परतलेला माणूस संपलेला नसतो. एका चाचणीवर निदान ठरत नाही. भारतातल्या सरकारी चाचणी केंद्रात ते पुन्हा, पक्कं करून घ्यावं. महाराष्ट्रात जिल्ह्याजिल्ह्यांत एआरटी केंद्रं आहेत, गोळ्या मोफत आहेत, आणि वेळेवर सुरू केल्या तर आयुष्य इतरांइतकंच लांब असू शकतं. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची १०९७ ही हेल्पलाइन मोफत आहे. बायकोचीही चाचणी व्हावी, आणि ती गरोदर असेल तर लगेच. उपचार नसतील तर बाळाला संसर्ग होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते, उपचार असतील तर ती पाच टक्क्यांच्याही खाली आणता येते.

आणि रत्नागिरी-रायगडकडच्या एखाद्या वाडीत कुणी आखातातून मुदतीआधी परत आला, तर ‘का आला?’ याची कुजबूज सुरू होते. डॉमिनिकला कोंडणारं कलम बदलायला एक आई कोर्टात जावी लागली. ही कुजबूज थांबवायला कोर्ट लागत नाही. परत आलेल्याला गावात काम मिळालं आणि कुणी फार चौकशी केली नाही, तर तो दर महिन्याला गोळ्या आणायला तालुक्याला जात राहील. तो जगायला तेवढं पुरेसं असतं.